जुन्या डिझेल इंजिनाला बायपास ऑइल फिल्टर: दाब कोठून घ्यावा आणि खरा फायदा किती?

जुने_डिझेल (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे चार सिलिंडरची, अडीच लिटरची, टर्बो असलेली जुनी डिझेल गाडी आहे. इंधनपंप पूर्णपणे यांत्रिक आहे. कॉमन रेल (उच्च दाबाची सामाईक इंधननळी) किंवा ईसीयू (इंजिनाचा संगणक) असे काहीही नाही. गाडी तीन लाख किलोमीटरच्या पुढे गेली असली तरी इंजिन अद्याप एकदाही खोलावे लागलेले नाही. चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन जवळजवळ सारखे आहे, थंड इंजिन पहिल्या सेल्फला सुरू होते आणि दोन ऑइल बदलांच्या मध्ये वरून ऑइल घालावे लागत नाही. हे इंजिन आहे तसेच आणखी बरीच वर्षे चालावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

मला खटकते ते ऑइलचे काळे पडणे. नवे ऑइल भरल्यानंतर थोड्याच दिवसांत डिपस्टिक पुसलेल्या फडक्यावर गडद काळा डाग उमटतो, आणि ते ऑइल चिमटीत चोळले तर बोटांच्या रेषांत बसलेली काजळी साबणानेही चटकन निघत नाही. इंजिनाचा मूळ फिल्टर साधारण २० ते ३० मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मोठे कणच भरवशाने अडवतो, तर बायपास फिल्टर, म्हणजे थोडेसेच ऑइल बाजूला वळवून बारीक गाळणारा जोडफिल्टर, २ ते ३ मायक्रॉनपर्यंतचे कण पकडतो, असे वाचल्यापासून तो बसवावा असे मनात घोळत आहे.

शंका मात्र बऱ्याच आहेत. इंजिन पूर्ण तापल्यावर आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) माझा ऑइलचा दाब १ बारच्या थोडासाच वर असतो. त्यातला काही प्रवाह बायपास फिल्टरकडे वळवला, तर क्रँकच्या बेअरिंगना आणि टर्बोला ऑइल कमी पडेल का? दाब घेण्यासाठी प्रेशर स्विचच्या जागी टी जोडणी वापरावी, की मूळ फिल्टर आणि ब्लॉक यांच्या मध्ये बसणारी सँडविच प्लेट घ्यावी? गाळलेले ऑइल परत कोठे सोडावे? शिवाय माझ्या गाडीच्या पुस्तिकेत ऑइल ७,५०० किलोमीटरला बदलण्यास सांगितले आहे. हा फिल्टर बसवल्यावर ते अंतर दुप्पट करता येते, असा दावा काही विक्रेते करतात. त्यात कितपत तथ्य आहे? प्रत्यक्ष अनुभव असलेल्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

वंगणवेध

आपण ज्या गोष्टीसाठी हा फिल्टर बसवू पाहत आहात, नेमकी तीच तो करणार नाही. ऑइलचा काळा रंग जाणार नाही. तरीही फिल्टर निरुपयोगी ठरत नाही, कारण त्याचे काम वेगळे आहे.

मूळ फिल्टरमधून पंपाने ढकललेले सगळे ऑइल बेअरिंगकडे जाण्याआधी गेले पाहिजे. तो फार बारीक ठेवला, तर थंड आणि दाट ऑइल त्यातून पुरेशा वेगाने जाणार नाही, फिल्टरमधली रिलीफ व्हॉल्व्ह उघडेल आणि सगळे ऑइल न गाळताच पुढे जाईल. म्हणून निर्मात्याने तो मुद्दाम काहीसा जाड ठेवलेला असतो. बायपास फिल्टरवर हे बंधन नसते. तो पंपाच्या प्रवाहातला साधारण ५ ते १० टक्के हिस्सा घेतो, सावकाश गाळतो आणि थेट चेंबरमध्ये (इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या टाकीत) सोडतो. तो उद्या पूर्ण तुंबला तरी बेअरिंगच्या वाट्याचे ऑइल थांबत नाही, कारण त्यांची वाट त्याच्यामधून जातच नाही. एका फेरीत थोडेसेच ऑइल गाळले जाते, परंतु तासाभराच्या प्रवासात चेंबरमधल्या ऑइलच्या अनेक फेऱ्या होतात.

ही कल्पना जुनी आणि सिद्ध आहे. मर्सिडीजच्या ओएम ६१७ या पाच सिलिंडरच्या डिझेल इंजिनात एकाच घरात मुख्य आणि बायपास असे दोन भाग असलेला एलिमेंट (फिल्टरमधला गाळणारा भाग) बसत असे. लँड रोव्हरच्या टीडी५ इंजिनात मूळ फिल्टरच्या जोडीला ऑइलच्या दाबावर गरगर फिरून कण वेगळे करणारा सेंट्रिफ्यूज कारखान्यातूनच बसवलेला असे. अवजड ट्रकांच्या इंजिनांवर तर असे फिल्टर कित्येक दशकांपासून आहेत. आपल्या गाडीच्या सुट्या भागांच्या यादीत मूळ फिल्टर दुहेरी आहे का, हे आधी पाहावे; काही जुन्या डिझेल इंजिनांत तो तसा असतो आणि मालकाला त्याची कल्पनाही नसते.

आता रंगाविषयी. काजळीचा मूळ कण २० ते ५० नॅनोमीटरचा असतो आणि ऑइलमध्ये असे कण एकत्र येऊन बनलेले पुंजके साधारणपणे काहीशे नॅनोमीटरचे, म्हणजे १ मायक्रॉनपेक्षाही लहान असतात. ऑइलमधली डिस्पर्संट रसायने त्यांना एकमेकांपासून दूर ठेवतात, हेच त्यांचे काम. २ मायक्रॉनच्या एलिमेंटमधून हे पुंजके बहुतांशी सहज निसटतात. म्हणून डिझेलचे ऑइल लवकर काळे पडणे ही ऑइल आपले काम करत असल्याची खूण आहे. उलट, डिस्पर्संट संपत आले की काजळीच्या गुठळ्या होतात आणि बायपास एलिमेंट एरवीपेक्षा लवकर तुंबू लागतो. तसे दिसले तर नुसता एलिमेंट बदलून भागत नाही. ऑइलच बदलावे लागते.

या फिल्टरचा खरा उपयोग कठीण कणांवर होतो. भार असताना बेअरिंगमधला ऑइलचा थर काही मायक्रॉनच जाड असतो. या थरापेक्षा फार लहान कण दोन पृष्ठभागांना न शिवता निघून जातात आणि फार मोठे कण फटीत शिरूच शकत नाहीत. थराच्या जाडीएवढे किंवा त्याहून थोडे मोठे कण मात्र दोन्ही पृष्ठभागांना एकाच वेळी टेकतात आणि घासतात. साधारण ५ ते १५ मायक्रॉनच्या या टप्प्यात मूळ फिल्टर सर्वांत दुबळा असतो. जनरल मोटर्सच्या १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ४० मायक्रॉनच्या फिल्टरच्या तुलनेत ३० मायक्रॉनच्या फिल्टरने झीज ५० टक्क्यांनी, तर १५ मायक्रॉनच्या फिल्टरने ७० टक्क्यांनी घटल्याचे आढळले होते. मात्र त्या चाचणीत ऑइलमध्ये मुद्दाम धूळ मिसळली होती, हे विक्रेते सांगत नाहीत. ज्या इंजिनात धूळ शिरतच नाही, त्यात एवढ्या फरकाची अपेक्षा ठेवू नये.

फिल्टर निवडताना डब्यावरच्या नुसत्या मायक्रॉनच्या आकड्यावर विसंबू नये. ‘नॉमिनल ३ मायक्रॉन’ म्हणजे त्या आकाराचे निम्मेच कण अडत असतील, असेही होऊ शकते. बीटा आकडा विचारावा. ३ मायक्रॉनला बीटा २०० म्हणजे त्या आकाराच्या किंवा त्याहून मोठ्या २०० कणांपैकी एकच पलीकडे जातो, म्हणजे ९९.५ टक्के कण अडतात. जो विक्रेता हा आकडा देऊ शकत नाही, त्याच्या दाव्यांना मी फारशी किंमत देत नाही.

अंतर दुप्पट करण्याबद्दल माझे मत ठाम आहे. ऑइलमध्ये उतरलेले डिझेल, ज्वलनातून तयार होणारी आम्ले, ती शमवताना खर्च होणारा टीबीएन (ऑइलची आम्ल शमवण्याची क्षमता) आणि उष्णतेने होणारे ऑक्सिडेशन, यांपैकी एकाही गोष्टीवर फिल्टरचा इलाज चालत नाही. कूलंटची गळती असेल तर तीही तो लपवू शकत नाही. ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत तपासून घेतल्याशिवाय ७,५०० च्या पुढे जाऊ नये.

कार्यशाळा

वरच्या प्रतिसादातली माहिती योग्य आहे, पण क्रम मला पटत नाही. ऑइलमध्ये आलेली धूळ गाळण्याआधी ती येते कोठून, हे शोधले पाहिजे. आणि ती बहुतेक वेळा हवेच्या वाटेनेच येते.

एअर फिल्टरचे घर उघडा आणि फिल्टरच्या पलीकडचा, म्हणजे इंजिनाच्या बाजूचा पाइप आतून पांढऱ्या कोरड्या फडक्याने पुसा. त्यावर मातकट रेघ उठली तर फिल्टरची कड नीट बसत नाही, घराचे क्लिप सैल झाले आहेत किंवा टर्बोकडे जाणाऱ्या रबरी नळीला चीर पडली आहे. जुन्या गाड्यांत ही चीर बहुधा नळीच्या खालच्या घडीत असते आणि नळी हाताने वाकवल्याशिवाय दिसत नाही. त्यातून आत जाणारी धूळ पिस्टन रिंग आणि सिलिंडर यांना आधी घासते आणि मगच ऑइलमध्ये उतरते. ऑइल कितीही बारीक गाळले तरी तोवर झालेली झीज भरून येत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे, पुढच्या वेळी काढलेला जुना ऑइल फिल्टर टाकून देऊ नका. डबा कटरने कापा. करवतीने नको, कारण तिचा कीस आत पडतो आणि निष्कर्ष चुकतो. कागदाच्या घड्या सोडवून, ऑइल निथळू देऊन, उन्हात तिरप्या धरून पाहा. बारीक चकाकी सर्वत्र सारखी पसरलेली असेल तर या वयाच्या इंजिनाला ते साजेसे आहे. नखाला टोचतील असे तुकडे किंवा तांबूस पत्रे दिसले, तर आधी बेअरिंग पाहावी लागतील आणि बायपास फिल्टरचा विचार तूर्त बाजूला ठेवावा लागेल.

आयडलला १ बारच्या वर असलेला आपला दाब या वयाच्या इंजिनाला वाईट नाही. परंतु गेजवरचा आकडा गाडीतल्या जुन्या सेंडरचा (गेजला दाब कळवणाऱ्या विजेच्या भागाचा) असेल, तर एकदा यांत्रिक गेज लावून खात्री करून घ्यावी. खरा दाब त्याहून कमी निघाला तर मी बायपास फिल्टर न बसवता ऑइल ५,००० किलोमीटरला बदलणे पसंत करीन. त्याने काजळी, आम्ले, डिझेल आणि धूळ, सगळेच बाहेर पडते आणि इंजिनाला एकही नवा जोड द्यावा लागत नाही.

पाना_१९

माझा या विषयाशी संबंध बसवण्याच्या बाजूने येतो, म्हणून त्यापुरतेच लिहितो. बायपास फिल्टरमुळे इंजिन खराब झालेले मी पाहिले आहे, पण त्यात फिल्टरचा दोष नव्हता. प्रत्येक वेळी घात केला तो नळीने किंवा तिच्या जोडाने.

दाबाची काळजी प्रवाह रोखणाऱ्या छिद्राने मिटते, आणि हे छिद्र हाच या सगळ्या मांडणीचा प्राण आहे. १.२ मिलिमीटर व्यासाच्या छिद्रातून ३ बार दाबाला मिनिटाला फार तर सव्वा लिटर ऑइल जाते आणि आपल्या आयडलच्या १ बारला पाऊण लिटरच्या आसपास. एलिमेंटचा अडथळा धरला तर त्याहूनही कमी. निरोगी पंपाला एवढे देणे जड जात नाही. चेंबरमध्ये ६ लिटर ऑइल धरले, तर रस्त्यावर चालताना सहा-सात मिनिटांत तेवढे ऑइल फिल्टरमधून फिरते. छिद्राचा व्यास दुप्पट केला की प्रवाह चौपट होतो, म्हणून ‘थोडे मोठे असू द्या’ या सल्ल्याला मुळीच भुलू नये.

आता सर्वांत महत्त्वाचे. बऱ्याच किटमध्ये हे छिद्र फिल्टरच्या डोक्यात दिलेले असते. ते इंजिनाच्या बाजूला, जेथून दाब घेतला त्या जोडातच असले पाहिजे. नळी फुटली आणि छिद्र तिच्या पलीकडच्या टोकाला असेल, तर पंपाचा सगळा जोर त्या फुटलेल्या जागेतून बाहेर येतो आणि चेंबर मिनिटभराच्या आत रिकामा होऊ शकतो. तेच छिद्र इंजिनापाशी असेल, तर मिनिटाला लिटरभराच्या आसपास ऑइल जाते आणि वास, धूर किंवा गेजवरची हालचाल लक्षात येऊन इंजिन बंद करायला वेळ मिळतो. ऑइलचा लाल दिवा साधारण ०.३ ते ०.५ बारला लागतो, त्यामुळे त्याच्या भरवशावर राहणे धोक्याचे आहे.

दाब घेण्याची जागा. प्रेशर स्विचच्या जागी पितळी टी लावणे सोपे असते, पण त्या टीवर स्विच, सेंडर आणि नळी असे तिन्हींचे वजन टांगले तर इंजिनाच्या थरथरीने ती आट्यांच्या मुळाशी चिरते. माझ्याकडे आलेल्या एका गाडीत ही चीर केसाएवढी बारीक होती. इंजिन बंद असताना दिसत नसे आणि चालू केल्यावर तेथून ऑइलचा धुक्यासारखा फवारा थेट एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या दिशेने जात असे. तापलेल्या टर्बोवर पडलेले ऑइल पेट घेऊ शकते, म्हणून याला किरकोळ गळती समजू नये. टी वापरायचीच असेल तर ती पोलादी घ्यावी, ब्लॉकवर फक्त लहान जोड ठेवावा आणि स्विच व सेंडर लवचीक नळीने बाजूला नेऊन बॉडीवर बसवावेत.

आट्यांचीही खात्री करून घ्यावी. १/८ बीएसपी टेपर आणि १/८ एनपीटी (पाइपच्या आट्यांची दोन वेगळी मानके) हे दोन्ही सुरुवातीला हाताने एकमेकांत जातात, पण पहिल्यात इंचाला २८ आटे असतात आणि दुसऱ्यात २७, शिवाय आट्यांचा कोनही वेगळा असतो. जोर लावून घट्ट केले की ब्लॉकमधले आटे जातात.

जागा असेल तर मी सँडविच प्लेटच सुचवीन. तिचे आटे मूळ फिल्टरशी जुळले पाहिजेत, तिची रबरी रिंग बसते ती कड पूर्ण सपाट असली पाहिजे, आणि फिल्टर प्लेटच्या जाडीइतका बाहेर येणार असल्याने तो एक्सल, स्टिअरिंग किंवा संरक्षक पत्र्याला घासणार नाही, हे इंजिन हाताने हलवून पाहिले पाहिजे.

नळी इंधनाची किंवा हवेची घेऊ नये. गरम इंजिन ऑइल कायम सोसणारी, पोलादी जाळीची आणि टोके कारखान्यात दाबून बसवलेली नळी घ्यावी. थंड इंजिन सुरू करताच दाब ६ बारच्या वर जाऊ शकतो. फिल्टर बॉडीवर आणि इंजिन रबरी माउंटिंगवर असल्याने दोघांमध्ये सतत हालचाल असते. नळीला तेवढी ढील ठेवावी आणि पत्र्यातून जाते तेथे रबरी ग्रोमेट घालावे.

ऑइल परत सोडण्यासाठी टर्बोच्या ड्रेन पाइपला जोड देण्याचा मोह टाळावा. टर्बोतून बाहेर पडणारे ऑइल फेसाळ असते आणि केवळ स्वतःच्या वजनाने खाली येते. त्या वाटेत दुसरा प्रवाह सोडला तर ते मागे तुंबते, टर्बोच्या सीलमधून गळते आणि मग निळा धूर पाहून लोक चांगल्या टर्बोला दोष देतात.

बसवून झाल्यावर लगेच रस्त्यावर जाऊ नये. इंजिन आयडलवर ठेवून प्रत्येक जोड कोरड्या कागदाने पुसून पाहावा, मग वेग वाढवून पुन्हा पाहावा, आणि इंजिन बंद करून काही मिनिटांनी डिपस्टिक पाहावी. फिल्टर आणि नळ्यांत अर्धा ते एक लिटर ऑइल मुरते, तेवढे वरून भरावे लागते.

जुने_डिझेल

सर्वांचे मनःपूर्वक आभार. एअर फिल्टरच्या पलीकडचा पाइप आजच पुसून पाहिला. फडके स्वच्छ आहे. यांत्रिक गेज लावून दाब पाहणार आहे आणि पुढच्या ऑइल बदलाच्या वेळी जुना फिल्टर कापणार आहे. अंतर दुप्पट करण्याचा विचार सोडून दिला आहे.

दोन गोष्टी अजून विचारायच्या आहेत. ऑइल परत सोडण्यासाठी टॅपेट कव्हरवरचे ऑइल भरण्याचे झाकण बरे, की चेंबरचा ड्रेन बोल्ट? आणि ऑइलची तपासणी करायची झाली तर नेमके काय तपासून घ्यावे, म्हणजे फिल्टरचा उपयोग होतो आहे की नाही हे कळेल?

पाना_१९

झाकण बरे. ऑइलच्या पातळीच्या वर असल्याने परतीची नळी सुटली तरी चेंबर गळून रिकामा होत नाही. ड्रेन बोल्टच्या जागी पोकळ बोल्ट लावला तर तो गाडीचा सर्वांत खालचा भाग ठरतो आणि दगड लागला की पहिला मार त्यालाच बसतो. शिवाय आयडलवर झाकण उचलले की नळीतून ऑइल येते आहे का, हे डोळ्यांना दिसते. एरवी लांबच्या प्रवासानंतर फिल्टरचा डबा हाताच्या पाठीने जपून चाचपावा. इंजिन पूर्ण तापलेले असताना डबा कोमट किंवा थंडच राहिला असेल, तर एलिमेंट तुंबला आहे किंवा छिद्रात कचरा अडकला आहे.

वंगणवेध

पहिला नमुना फिल्टर बसवण्याआधीच घ्यावा, नाहीतर तुलना कशाशी करणार? तो गरम इंजिनातून, ऑइल काढताना सुरुवातीची धार जाऊ देऊन मधल्या धारेतून घ्यावा. १०० अंश सेल्सिअसला व्हिस्कॉसिटी (दाटपणा), टीबीएन, काजळीचे प्रमाण, ऑइलमध्ये उतरलेले डिझेल, आणि लोह, तांबे, शिसे, ॲल्युमिनियम व सिलिकॉन यांचे पीपीएम (दहा लाखांत किती भाग), एवढे पुरेसे आहे. सिलिकॉन आणि ॲल्युमिनियम जोडीने वाढले तर ती धुळीची खूण समजून एअर फिल्टरच्या घराकडे पुन्हा वळावे.

लोहाचा आकडा वाचताना विशेष काळजी घ्यावी. बायपास फिल्टर बसवल्यावर तो घटतो, पण त्याचा काही भाग कण फिल्टरमध्ये अडकल्यामुळे घटलेला असतो. झीज तेवढीच चालू असूनही अहवाल सुधारलेला दिसू शकतो. शिवाय नेहमीच्या स्पेक्ट्रोमीटर चाचणीत साधारण ५ ते ८ मायक्रॉनपेक्षा मोठे कण नीट मोजले जात नाहीत. म्हणून अहवाल चांगला आला तरी मूळ फिल्टर कापून पाहणे थांबवू नये, आणि दर वेळी बायपास एलिमेंटचाही एक काप उघडून पाहावा.

खरी तुलना आयएसओ ४४०६ या मानकानुसार केलेल्या कणमोजणीने होते. त्यात ४, ६ आणि १४ मायक्रॉनपेक्षा मोठ्या कणांसाठी तीन संकेतांक मिळतात आणि प्रत्येक संकेतांक एकाने उतरला म्हणजे कण साधारण निम्मे झाले. मात्र काळ्या डिझेल ऑइलमध्ये प्रकाशाने मोजणारे यंत्र काजळीमुळे फसते, म्हणून प्रयोगशाळेला नमुना देण्याआधीच सूक्ष्म जाळी तुंबण्यावरून कण मोजण्याची, म्हणजे पोअर ब्लॉकेजची पद्धत त्यांच्याकडे आहे का, हे विचारून घ्यावे. ती नसेल तर कणमोजणी करूच नये आणि वरच्या बाकीच्या चाचण्यांवर भागवावे.